मोडायचं कसं आणि टाकायचं कुठं

ललिता पंचमीला, म्हणजे नवरात्रातल्या पाचव्या दिवशी, कोल्हापूरची अंबाबाई रुसलेल्या मैत्रिणीची समजूत काढायला देवळाबाहेर पडते. पालखी शहरातून त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. जोडीला तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी असते, छत्रपती घराण्यातली मंडळी हजर असतात. टेकडीवर गुरव घराण्यातल्या कुमारिकेचं पूजन होतं आणि तिच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडला जातो. पुढचं अर्धं मिनिट कुणालाच काही नीट दिसत नाही. कोहळ्याची फोड मिळवायला अशी झुंबड उडते की पोलिसांचं कडं अपुरं पडतं. हाती लागलेली फोड लोक पदरात, रुमालात बांधून घरी नेतात. ती घरात आली की भरभराट होते, अशी श्रद्धा आहे.

यामागची कथा करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, पोराटोरांना पाठ असते. महालक्ष्मीने कोल्हासुराला मारलं, मरताना त्याने आपलं नाव या नगरीला मागून घेतलं. पुढे त्याचा मुलगा कामाक्ष याने कपिलमुनींचा योगदंड मिळवून देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकल्या. त्र्यंबोलीने त्याचा काटा काढला आणि देवांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला, आणि ज्या बाईने हे सगळं निस्तरलं तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, शहराकडे पाठ करून. आजही ती तशीच आहे. अंबाबाईला दरवर्षी तिथवर जावं लागतं आणि त्या राक्षसवधाची आठवण म्हणून कोहळा फुटतो.

ज्या गावाचं नावच मारल्या गेलेल्या असुराचं आहे, तिथे विध्वंस या विषयावर बोलताना शंकराच्या तांडवापर्यंत जायची गरज पडत नाही. संहाराची मोठमोठी वर्णनं पुराणांत भरपूर सापडतात. मला मात्र जास्त मोलाचं वाटतं ते रोजच्या व्यवहारातलं मोडणं: फोडणं, बुडवणं, जाळणं, पुसणं. आणि त्यातही बघण्यासारखी गोष्ट एकच, मोडून झाल्यावर जे उरतं त्याचं काय करतात. कोहळ्याचं सालपटसुद्धा टेकडीवर पडून राहत नाही, म्हणून तो सण आहे. तोच कोहळा फुटून चिखलात तसाच कुजत पडला असता, तर त्याला कुणी नासाडीच म्हटलं असतं.

कोहळाच का, याचंही उत्तर व्यवहारात आहे. पुरता पिकलेला कोहळा सालीवर पांढरी भुकटी धरतो. ती मेणासारखी असते, पाणी आत जाऊ देत नाही आणि आतलं बाहेर पडू देत नाही. देठ शाबूत असेल, तर कोरड्या हवेशीर जागी असा कोहळा काही महिने टिकतो. देठ मोडला की तिथून बुरशी शिरते आणि वरून धडधाकट दिसणारं फळ आतून पाणी पाणी होतं. म्हणून नव्या घराच्या दाराला टांगायला किंवा पूजेला कोहळा घेताना आधी देठ बघावा, मग अंगठ्याने भुकटी पुसून बघावी. भुकटीऐवजी बारीक लव असेल, तर फळ कोवळं आहे, ते भाजीला घ्यावं. बळी म्हणून जे द्यायचं, ते अंगापिंडाने भरलेलं हवं, ठोका बसल्यावर त्याचा आवाज यायला हवा आणि त्याच्या वाटता येण्याजोग्या फोडी पडायला हव्यात. कोहळा या तिन्हीला उतरतो. पशूच्या जागी तो आला त्याला दयाबुद्धी हे एक कारण असेल, पण हेही आहेच.

नारळाचं तसंच. हलवून पाण्याचा आवाज ऐकायचा, तिन्ही डोळे कोरडे आहेत ना ते बघायचं, शेंडी तेवढी ठेवून कंबरेवर फिरवत फिरवत तीन-चार ठोके द्यायचे, म्हणजे दोन सरळ वाट्या होतात. एका दणक्यात फोडायला जाणाऱ्याच्या हाती करवंटीचे तुकडे येतात आणि पाणी फरशीवर जातं. नासका निघाला की आपल्याकडे चेहरे पडतात. खरं तर बहुतेक वेळा डोळ्याशी बुरशी आधीच दिसत असते, कुणी बघितलेलं नसतं एवढंच.

आता गणपती. मोडण्याचा एवढा काटेकोर विधी आपल्याकडे क्वचितच दुसरा असेल. विसर्जनाआधी उत्तरपूजा होते, अक्षता वाहतात, ‘पुनरागमनाय च’ म्हणतात आणि मूर्ती जागची किंचित हलवतात. प्राणप्रतिष्ठेने जे आत बोलावलं, ते आधी रीतसर बाहेर पाठवायचं. त्यानंतर जे पाण्यात जातं ती माती असते, देव नव्हे. ही पायरी ज्यांनी घालून दिली त्यांना नीट ठाऊक होतं की हातातली वस्तू आपण बुडवणार आहोत आणि ते करताना हात कापता कामा नये.

अडचण अशी झाली की विधी मातीसाठी बेतलेला होता आणि हातात प्लास्टर आलं. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी काढलेला जिप्सम. साधारण दीडशे अंश सेल्सिअसला तापवला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं. कारागीर त्यात पाणी कालवून साच्यात ओततो तेव्हा ते पाणी तो परत ओढून घेतो आणि पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतो. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतो. म्हणजे 2 किलोची मूर्ती पूर्ण विरायची तर 800 लिटर पाणी लागेल, तेही ढवळत राहिलं तर. वरचा ऑइल पेंट पाणी आतच जाऊ देत नाही, तो हिशेब वेगळाच. म्हणून चार दिवसांनी नदीकाठी नाक तुटलेली, हात गेलेली मूर्ती तशीच पडलेली दिसते. शास्त्राप्रमाणे तिच्यात देव उरलेला नाही, पण डोळ्यांना ते पटत नाही. मोडणं अर्धवट राहिलं की विटंबना होते, ती अशी.

शाडूचं वागणं याच्या उलट. ती पाण्यात विरघळत नाही, विखुरते. तिचे कण चपटे आणि अतिबारीक असतात, मधे पाणी शिरलं की ते एकमेकांना सोडतात. यातली एक गंमत कुंभारांना माहीत असते, घरोघरी नसते. कडक वाळलेली मूर्ती भराभर विरते, ओलसर राहिलेली चिवटपणा करते. कोरड्या मातीतल्या बारीक पोकळ्यांत पाणी झपकन ओढलं जातं, आतली हवा बाहेर पडते आणि थराथराने माती सुटते. आधीच ओली असलेली माती नवं पाणी ओढत नाही. तेव्हा घरी बादलीत विसर्जन करायचं असेल, तर आरत्या-पूजेच्या पाण्यापासून मूर्ती शेवटपर्यंत कोरडी ठेवलेली बरी.

बादली मूर्तीपेक्षा चार बोटं उंच असावी. हार, दोरा, चिकटवलेले खडे, कापडी फेटा आधी काढायचा, नाहीतर शेवटी गाळात हेच हाताला लागतं. मूर्ती बुडली की ढवळायची घाई करू नये, रात्रभर राहू द्यावी. सकाळी हाताने मोडून घ्यावी, पुन्हा निवळू द्यावी, वरचं पाणी झाडांना घालावं आणि खालचा गाळ जुन्या धोतरावर ओतून उन्हात ठेवावा. ही माती पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते. फक्त तिच्यात रंगाच्या पापुद्र्या आणि प्लास्टरचे खडे नकोत. प्लास्टर मिसळलेली शाडू मळताना खरखरते आणि वाळताना तडकते. शाडू म्हणून घेतलेली मूर्ती खरंच शाडूची आहे का, हे बैठकीच्या खालच्या न रंगवलेल्या भागावर कळतं. पाण्याचा थेंब टाकून बोटाने घासायचं. बोटाला चिखल लागला तर शाडू. थेंब शोषला गेला आणि बोट जवळजवळ स्वच्छच राहिलं, तर प्लास्टर.

आणि घरात प्लास्टरची आलीच असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला मार्ग आहे. मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालून त्यात ती ठेवायची. 2 किलोच्या मूर्तीला 2 किलो पावडर आणि 20 लिटर पाणी. दर दोन-तीन तासांनी ढवळलं, तर दोन ते तीन दिवसांत ती फुटून तळाशी खडूसारखा पांढरा साका बसतो. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, म्हणजे खत, आणि ते भरपूर पातळ करूनच झाडाला घालायचं. वास उग्र असतो, म्हणून बादली गच्चीत किंवा अंगणात हवी. स्वयंपाकातला खायचा सोडा हा वेगळा पदार्थ आहे, त्याच्या भरवशावर बसू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यावरून पुढे कोर्टकचेऱ्या बऱ्याच झाल्या. तो सगळा वाद मूर्ती बनवायच्या टोकाला चालतो. बादलीच्या टोकाला घरोघर जे करता येतं, त्याला कुणाच्या निकालाची वाट बघायला लागत नाही.

कोल्हापूरने यात एक आपल्या मातीतला तोडगा काढला. पंचगंगा नदीत आणि रंकाळा तलावात जाऊ नये म्हणून मूर्ती इराणी खणीकडे, म्हणजे पाणी साचलेल्या जुन्या दगडखाणीकडे, वळवल्या आणि गल्लोगल्ली विसर्जनासाठी कुंडांबरोबर काहिली ठेवल्या. ज्या काहिलीत उसाचा रस आटवून गूळ करायचा, त्यातच गौरी-गणपती. बापट कॅम्प, शाहूपुरी कुंभार गल्ली, गंगावेस इथल्या कुंभारांनी महिनोन्महिने खपून केलेली वस्तू दीड फूट खोल पाण्यात जाते, आणि काठावरच्या कुणाला त्यात काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. पहिल्या वर्षी वाटलं असेल. कुठल्याही विधीला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जुनेपण येतंच.

मर्तिकाचा विधीही असाच फोडण्यावर उभा आहे. खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं, चितेभोवती तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला दगडाने एकेक भोक, गळणारी धार, आणि शेवटी मागे न बघता खांद्यावरून मडकं मागे टाकायचं. ज्या दगडाने भोक पाडलं तो जपून ठेवायचा, पुढचे विधी त्याच्यावर होतात. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या मात्र कुणी उचलत नाही. घरातल्या माणसाने मागे वळून बघायचंच नाही, असा दंडक असल्यामुळे आवरायचं काम स्मशानातल्या माणसाकडे जातं. विधी ज्यांच्या हातून आवरला जातो, त्यांचा उल्लेख पोथीत नसतो.

पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कारासाठी पैसे घेत नाही, आणि तिथे लाकडाच्या जोडीने शेणी, म्हणजे गोवऱ्या, मोठ्या प्रमाणावर लागतात. इथेच शिमग्याचा संबंध येतो. होळी लहान करून त्या शेणी स्मशानभूमीला द्यायच्या, ही पद्धत कोल्हापुरात रुजली आहे. तालमी, मंडळं, शाळा ट्रॉल्या भरून शेणी नेऊन टाकतात. भावनेचा भाग सोडला तरी हे वेळेचं गणित बरोबर आहे. फाल्गुनात शेणी खडखडीत वाळलेल्या असतात. जूननंतर मिळणारी शेणी दमट असते, धूर फार करते, धग धरत नाही आणि चिता मधेच बसते. म्हणजे होळीचं दान हा पावसाळ्याचा साठा असतो. लाकडाची राख वजनाच्या एक-दोन टक्के निघते, शेणीची वीस टक्क्यांच्या आसपास. माणसाच्या अस्थींचा वाटा फार तर दोन-तीन किलोंचा. त्यामुळे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला जे पोत्याने भरलं जातं, त्यातलं बहुतेक शेणीचं असतं. हे ध्यानात घेतलं, तर अस्थी वेगळ्या काढून उरलेली रक्षा शेतात किंवा झाडाच्या बुंध्याशी घालण्यात कुणाचा अनादर होत नाही. बऱ्याच घरांनी ती सुरुवात केलीच आहे. राख झाडाच्या अगदी खोडाशी ढिगाने घालू नये, ती खारट-अल्कधर्मी असते. पसरून मातीत मिसळावी.

इथवरच्या सगळ्या मोडण्यात एक साम्य आहे, फुटणारी वस्तू कुणा जित्या माणसाच्या अंगावरची नसते. नवऱ्यामागे बायकोच्या हातातल्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं याला मी त्याच रांगेत बसवणार नाही. करणाऱ्या बायका बहुधा स्वतः त्यातून गेलेल्या असतात, आणि हे सगळं दुःखाच्या पहिल्या तासांत, चार लोकांसमोर उरकलं जातं. काच फुटताना मनगटात शिरते. उत्तरपूजेत मूर्तीलासुद्धा आधी निरोप देतात, इथे माणसाला तेवढंही मिळत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने प्रथा एका रात्रीत जात नसते. पण अंत्यविधीच्या वेळी घरातलं कुणी ‘हे आमच्याकडे होणार नाही’ म्हणालं, तर त्याच्या पाठीशी आता एक कागद आहे. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, कारण अशा वेळी वाद घालायची ताकद त्या घरात कुणातच नसते.

सत्ता मोडते तेव्हा तिला पूजा लागत नाही, प्रेक्षक लागतात. 1844 मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ले राखणाऱ्या शिबंदीने, बंड केलं, इंग्रजांनी पन्हाळा घेतला आणि त्याचं ‘चार दरवाजा’ नावाचं प्रवेशद्वार उद्ध्वस्त केलं. तीन दरवाजा आजही दिमाखात उभा आहे, चार दरवाजाचे अवशेष शोधावे लागतात. दरवाजा पाडण्यामागचा हिशेब उघड आहे. तटबंदी कित्येक मैल लांब, ती सगळी पाडायला माणसं आणि दारू फार लागते. दरवाजा गेला की उरलेला तट नुसता दगडांचा बांध होतो. पुढे जवळपास शंभर वर्षांनी कोल्हापूरकरांनी उलटा हिशेब केला. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या लेस्ली विल्सनचा पुतळा भर चौकात होता. बेचाळीसच्या चळवळीत तो आधी विद्रूप केला गेला आणि मग फोडला गेला. त्या जागी 1945 साली बाबूराव पेंटरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला आणि चौकाचं नावही तेच झालं. पुतळा पाडणारे पुष्कळ ठिकाणी भेटतात. पाडल्यावर त्या चौथऱ्याचं काय करायचं, हे इतक्या लवकर आणि इतक्या नेमकेपणाने ठरवणारं गाव विरळा.

पण बाबूरावांचंच दुसरं काम घ्या. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1920 च्या ‘सैरंध्री’पासून इथे मूकपट काढले, आणि त्यांतलं आज बघायला जवळजवळ काही उरलेलं नाही. ते कुणी रागाने मोडलं नव्हतं. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. तिच्या रेणूतच प्राणवायू बांधलेला असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. पेटली नाही तरी ती स्वतःला खाते. आधी चित्र पिवळट पडतं, मग थर चिकट होतो, मग फुगे येऊन फेस होतो, सगळं रीळ एका गोळ्यात थिजतं आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. बंद डब्यात तर हे लवकर होतं, कारण सुटलेला आम्लारी वायू आतच कोंडतो आणि उरलेल्या फिल्मला खातो. म्हणजे जपून, झाकण घट्ट लावून ठेवणाऱ्याचीच फिल्म आधी जायची. जी वाचली, तिच्यातली बरीच चांदीसाठी वितळवली गेली. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. इमारत उभी करता येते, निगेटिव्ह करता येत नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून खुलं केलेली ही वास्तू, खासबाग मैदानाला खेटून. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, पडदे, खुर्च्यांतला फोम आणि उंच रंगमंच. रंगमंचाचं छत उंच असतं ते पडदे वर ओढायला, आणि आग लागली की तेच धुराडं होतं. अशा वेळी लोक म्हणतात, सगळं गेलं. हे आधी तपासावं लागतं. सागाची जाड तुळई बाहेरून कोळसा होत आत जाते, तो वेग मिनिटाला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या घरात असतो. अर्ध्या तासाच्या आगीत दीड-दोन सेंटिमीटर. त्यामुळे काळीठिक्कर दिसणारी तुळई आत शाबूत असू शकते, तासून बघितल्याशिवाय कळत नाही. दगडी भिंतीचं उलटं असतं. ती बाहेरून धड दिसते, पण तापलेल्या दगडावर बंबाचं गार पाणी पडलं की आत बारीक तडे जातात आणि चुन्याचा दर्जा तापल्यावर ढासळतो. हातोडीने ठोकून बघतात. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तो दगड काढायचा. पुनर्बांधणीचं काम हाती घेतलं गेलं ते जुन्याच धाटणीने, आणि ते योग्यच झालं. अट एवढीच की या वेळी पडद्यांचं कापड, वीजजोडणी आणि पाण्याचा साठा शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीचा नसावा.

पुराबद्दल लिहायला लागलं तर थांबायला होणार नाही, म्हणून थोडक्यात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला पाणी 55 च्या वर गेलं. पूर कुणी केलेला नसतो, म्हणून त्याला विधीही नाही, उरतं ते फक्त आवरणं. गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की फरशी सोलावी लागते. गाद्या वाळवत बसू नये, टाकाव्यात.

शेवटी उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, कारण जिल्ह्यात सगळ्यात जास्त जाळलं जातं ते हेच, आणि त्याला ना मंत्र ना मुहूर्त. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात 40-50 किलो नत्र, 20-30 किलो स्फुरद, 75 ते 100 किलो पालाश आणि तीन-चार हजार किलो सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की नत्र आणि कर्ब धुरातून जातात. पालाश राखेत राहतो, पण ती राख पहिल्या पाण्याबरोबर सरीतून वाहून जाते. शेतकरी हे जाणत नाही असं नाही. त्याची तक्रार वेगळी असते: पाचट ठेवलं की खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, पिवळा पडतो. तक्रार खरी आहे. पाचटात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडं असल्यामुळे कुजवणारे जिवाणू आपली भूक जमिनीतल्या नत्रावर भागवतात आणि फुटव्यांना काही उरत नाही. म्हणून त्यांचं जेवण वेगळं द्यायचं: टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. एकरी चार टन धरले तर युरिया 32 किलो, म्हणजे 45 किलोच्या पोत्यातलं पाऊण पोतं.

ऊस गेल्यावर पाचट सारखं पसरायचं, बुडख्यांवर ढीग राहू द्यायचा नाही, नाहीतर कोंब खाली गुदमरतात. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे आणि त्यांवर बुरशीनाशक फवारायचं. युरिया आणि सुपर पाचटावर विस्कटून टाकायचं, संवर्धक शेणकाल्यात मिसळून शिंपडायचं आणि मग पाणी सोडायचं. पाचट जमिनीला टेकलेलं असावं, अधांतरी राहिलं तर वाळतं, कुजत नाही. पाणी बसल्यावर माणसांनी तुडवलं तरी पुरतं. साडेतीन-चार महिन्यांत ते हाताने चुरता येतं. तोडणीच्या आधी फड पेटवून द्यायचा प्रकार मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. ऊस वजनाला घटतो, साखर उतरते, आणि जळीत उसाला कारखाना कपात लावतो ती वेगळी. ऊसतोड मजुरांच्या टोळीला आत शिरायला सोपं जातं एवढाच त्याचा फायदा, आणि तो शेतकऱ्याच्या खात्यावर कधी जमा होत नाही. तेव्हा टोळीशी बोलणी करतानाच फड न पेटवण्याची अट घालावी आणि त्यासाठी जास्तीची मजुरी लागली तर ती धरूनच एकरी हिशेब मांडावा.